रोज एक पेग हृदयाला चांगला? तुलना कोणाशी केली ते आधी बघा

‘रोज एखादा पेग घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, संशोधनाने सिद्ध झालंय’ हा मेसेज ग्रुपवर सारखा फिरत असतो. लोक तो डॉक्टरांच्या सल्ल्यासारखा मानतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

‘न पिणारे लवकर मरतात.’ पण हे न पिणारे कोण? समजा, पंचावन्नाव्या वर्षी यकृत बिघडलं आणि डॉक्टरांनी तंबी दिली म्हणून एका गृहस्थांची दारू सुटली. पाहणीच्या फॉर्मवर ‘सध्या दारू घेता का?’ या प्रश्नापुढे ते प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितात आणि जन्मात थेंबालाही न शिवलेल्यांच्या गटात मोजले जातात. पुढे ते गेले की तो मृत्यू न पिण्याच्या खात्यावर! ब्रिटनमधल्या शेपर आणि सहकाऱ्यांनी ही गोम १९८८ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवली होती. उलट बाजूही आहे: साठीतही बेताने पिणारे मुळात तेवढे धडधाकट राहिलेले असतात. दारूने ज्यांना त्याआधीच नेलं, ते मोजायला उरतच नाहीत. २०२३ मध्ये झाओ, स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी १०७ अभ्यासांतल्या ४८ लाख लोकांची माहिती एकत्र तपासली. हे दोष दूर केल्यावर बेताने पिणाऱ्यांचा म्हणावा असा फायदा उरला नाही.

‘तरी फरक दारूमुळेच पडला असणार.’ कशावरून? अमेरिकेतल्या २००५ च्या एका पाहणीत हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या, कमी पैसा-शिक्षणासारख्या ३० घटकांपैकी २७ न पिणाऱ्यांमध्येच जास्त आढळले. चीनमध्ये पाच लाख लोकांच्या अभ्यासात संशोधकांनी जनुकांचा आधार घेतला. तिथे अनेकांना जन्मतःच दारू सोसत नाही, त्यामुळे ते कमी पितात, आणि जनुक काही पैसा किंवा शिक्षण बघून मिळत नाही. अशी तुलना केल्यावर पक्षाघातापासून संरक्षण दिसलं नाही. दारू वाढली तसा धोका वाढला.

२०२४ च्या अमेरिकी राष्ट्रीय अकादमींच्या (सरकारला सल्ला देणाऱ्या वैज्ञानिक संस्थांच्या) अहवालात बेताने पिणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी दिसले, हे खरं. पण त्याच अहवालात स्तनाचा कर्करोग जास्त दिसला, तो भाग कोणी फॉरवर्ड करत नाही.

‘अमेरिकी सरकारनेच यावर मोठी चाचणी सुरू केली होती.’ केली होती, ७,८०० लोकांवर करायची म्हणून, आणि बहुतेक पैसा दारू कंपन्यांचा होता. सरकारी अधिकारी आणि संशोधकांनी या कंपन्यांशी आधीच संधान बांधल्याचं उघड झाल्यावर जून २०१८ मध्ये ती गुंडाळावी लागली. चाचणीचा काळ इतका आखूड ठेवला होता, की कर्करोग वाढला असता तरी त्यात पकडला गेला नसता.