रमीचा गल्ला आणि माझ्या भाच्याची फी

रविवारी सकाळी ताईचा फोन. "अरे, तू गेम बनवण्याच्याच लाइनीतला ना? मग इतकी वर्षं आम्हाला काही बोलला का नाहीस?" कशाबद्दल चाललंय ते मला कळेना. मग तिने तो मेसेज पाठवला. तुमच्याही सोसायटीच्या नाहीतर भाऊबंदांच्या ग्रुपवर येऊन गेला असेल: 'भारत होणार गेमिंगची महासत्ता'. तिरंगा तीन वेळा, रॉकेट दोनदा.

मजकूर थोडक्यात असा. भारतात ५० कोटी लोक गेम खेळतात आणि उलाढाल हजारो कोटींची आहे, म्हणून गेम बनवणाऱ्यांना सोन्याचे दिवस आलेत. जगातले मोठमोठे गेम पुण्या-बंगळुरात बनतात. चीनने एका माकडावर अब्जावधी कमावले, आपल्याकडे तर रामायण-महाभारत आहे. परदेशी गेम बंद केले की देशी गेम आपोआप वर येतील. आणि शेवटी मुद्द्याचं: बारावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स करा, लाखाच्या पगाराने सुरुवात करा. खाली एका क्लासचा नंबर.

भाच्याने यंदा बारावी दिली आहे. फी २ लाख ४० हजार. दाजी पतपेढीत चौकशी करून आलेत. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतसुद्धा नाही.

आधी तो हजारो कोटींचा आकडा. सगळी लबाडी तिथेच आहे, बाकीचे मुद्दे त्याच्या जिवावर उभे आहेत. 'गेमिंग' या एका शब्दात आपल्याकडे दोन वेगळे धंदे कोंबलेत. एक धंदा गेम बनवून विकण्याचा: चित्रं, कोड, आवाज, गोष्ट. दुसरा पैसे लावून रमी, पोकर आणि फँटसी क्रिकेट (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडून लावायची पैज) खेळवण्याचा. उलाढालीचे जे मोठे आकडे वर्षानुवर्षं छापून येत होते, त्यांतला सिंहाचा वाटा या दुसऱ्या धंद्याचा होता. म्हणजे कुणीतरी बसमध्ये बसून पगारातले दोन हजार रमीवर लावले, कंपनीने त्यातला आपला कट काढून घेतला, आणि तो कट 'भारतीय गेमिंग उद्योगाची घोडदौड' म्हणून मोजला गेला. त्यात ना कुणी नवा गेम बनवला, ना कुणी विकत घेतला. पत्ते तर आजोबांच्या काळातलेच!

माझं ऐकू नका, कायदा बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. या कायद्यानेच खेळांचे तीन वेगळे प्रकार केलेत: ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा), ऑनलाइन सोशल गेम (पैज न लावता करमणुकीसाठी खेळायचे) आणि ऑनलाइन मनी गेम (पैसे लावून खेळायचे). पहिल्या दोघांना प्रोत्साहन, तिसऱ्यावर सरसकट बंदी, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. मनी गेम चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. कायदा होताच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून फँटसी क्रिकेटवाल्या ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं ते त्याच महिन्यात.

आता हा फॉरवर्ड पुन्हा वाचा. ज्या धंद्यावर सरकारने बंदी घातली, त्याच्या गल्ल्यातला आकडा दाखवून पोरांना सांगताहेत की चित्र काढायला शिका, पैसा तुमचीच वाट बघतोय. जुगाराच्या अड्ड्याची कमाई दाखवून सुतारकामाचा क्लास विकावा, तसं हे आहे. का, तर अड्ड्यावर टेबलं असतात!

बरं, ५० कोटी खेळणारे? असतीलही. असल्या मोजणीत माझी आईसुद्धा गेमर ठरते. दुपारी रंगीत गोळ्या फोडते ती. आजवर एक रुपया दिलेला नाही तिने, जाहिरात मात्र मुकाट्याने बघते. आपल्याकडचा खेळणारा बहुतांशी असाच आहे आणि त्याचा दोष मी त्याला देणार नाही. पण गेम बनवणाऱ्याच्या हातात काय पडतं ते डोक्यांवरून ठरत नाही, खिशांवरून ठरतं. इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो: 'ल्युडो किंग' नवी मुंबईतल्या कंपनीने बनवला आणि लॉकडाऊनमध्ये तो घराघरांत पोचला. तो मुख्यतः जाहिरातींवर चालला आणि उत्तम चालला. म्हणजे रस्ता आहे. पण जाहिरातीवर जगायचं तर खेळणारे कोटींनी लागतात, आणि तो गेम लोकांना शिकवावाही लागला नाही, सोंगट्या घरात होत्याच.

पुण्या-बंगळुरात मोठे गेम बनतात हा मुद्दा अर्धा खरा आहे. त्या अर्ध्यावर माझं घर चालतं, त्यामुळे त्याला मी खोटं कसं म्हणू. बंगळुरात १९९७ मध्ये सुरू झालेली 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' दोन दशकं परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, पात्रं घडवत राहिली. २०१९ मध्ये ती 'रॉकस्टार' या बड्या परदेशी गेम कंपनीने विकत घेतली. पुण्यात 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. कामाचा दर्जा चांगला असतो, पगारही वाईट नाहीत. पण काम कसलं असतं? तिकडून एक चित्र येतं, सोबत कागद: मॉडेलमध्ये इतकेच पॉलिगॉन (आकार ज्यांनी बनतो ते सपाट तुकडे), टेक्श्चर (वर चिकटवायचं चित्र) एवढंच मोठं, अमुक तारखेला द्या. मी एकदा तीन आठवडे एक गंजलेलं पिंप बनवलं. गंज कुठल्या बाजूने जास्त असावा यावर चार वेळा परत आलं. गेममध्ये ते दोन सेकंद दिसतं, मग स्फोटात उडतं. कुठलं पिंप कुठे ठेवायचं, खेळणाऱ्याने त्यामागे लपायचं की त्याला गोळी मारायची, हे ठरवणारा माणूस दुसऱ्या देशात बसतो, आणि गेमची मालकीही त्याच्याच कंपनीची असते.

अख्खा गेम इकडे सोपवला असंही झालंय. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या जुन्या गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार असं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात लोकांनी पेढे वाटले होते. पहिल्या व्हिडिओवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम त्यांच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं. त्यात इथल्या पोरांची अक्कल कमी पडली असं मला वाटत नाही. अख्खा गेम तडीस नेलेली माणसं इथे मोजकी आहेत. वर्षानुवर्षं पिंपं करणाऱ्याला एका दिवसात वाडा बांधायला सांगितलं की असं होतं.

आता चीनचं ते माकड. 'ब्लॅक मिथ : वुकाँग' हा गेम २० ऑगस्ट २०२४ ला आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, हे खरं. पण त्याचा पहिला व्हिडिओ ऑगस्ट २०२० मधला होता. म्हणजे जगाला दाखवल्यावरही चार वर्षं काम चाललं. बनवणारी माणसं चीनमधल्या एका बलाढ्य कंपनीत मोठे गेम करून बाहेर पडलेली होती, आणि त्या चार वर्षांचे पगार देणारं कुणीतरी मागे उभं होतं. शिवाय चीनमध्येच कोट्यवधी लोक असा गेम पूर्ण पैसे मोजून घेणारे होते. सुन वुकाँग या वानराची गोष्ट तर त्यांच्याकडे शेकडो वर्षं होती. गोष्टीची वाण कधी कुणाला नव्हतीच.

आणि आपल्याकडे कुणी केलंच नाही असं थोडंच आहे? पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स'ने 'राजी' केला: राक्षसांशी लढणारी मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वाड्यांसारखे देखावे. लोकवर्गणीसाठी किकस्टार्टर या साइटवर गेले तर तिथे रक्कम जमली नाही. संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. २०२० मध्ये गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत छोट्या स्वतंत्र स्टुडिओच्या पहिल्याच गेमसाठीचं नामांकन मिळालं. हा फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजणांनी 'राजी' विकत घेतला? आमच्या ग्रुपवर विचारलं मी. एकाने विचारलं, "फुकट लिंक आहे का?"

बंदीचा मुद्दा फार वेळ घालवण्याच्या लायकीचा नाही, कारण तो प्रयोग आपण करून चुकलोय. २ सप्टेंबर २०२० ला 'पबजी मोबाइल' हा परदेशी लढाईचा गेम बंद झाला, दोनच दिवसांत 'फौजी' या देशी गेमची घोषणा झाली, २६ जानेवारी २०२१ ला तो आला, लाखोंनी उतरवून घेतला आणि प्ले स्टोअरवरचे तारे बघता बघता घसरले. ज्याची लोक वाट बघत होते ती एकमेकांशी लढण्याची सोयच सुरुवातीला त्यात नव्हती. जुलै २०२१ मध्ये पबजीच नवं नाव लावून परत आला आणि सगळे तिकडे पळाले. २०२२ मध्ये तोही काढला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. लोकांनी तेवढी कळ काढली, देशी गेमकडे वळले नाहीत. दक्षिण कोरियाचं उदाहरण कुणीतरी देईलच, तर तेही घ्या: जपानी सांस्कृतिक मालावर त्यांनी अनेक दशकं निर्बंध ठेवले आणि त्याचा तिथल्या ऑनलाइन गेमना फायदा झाला असं म्हणता येतं. पण सोबत गल्लोगल्ली पीसी बांग, म्हणजे गेम खेळायचे सायबर कॅफे होते, वेगवान इंटरनेट होतं, आणि तासाला पैसे देऊन खेळणारी पोरं होती. ब्राझीलने १९८४ पासून परदेशी संगणकांना दार लावलं, तर तिथे नकला आणि चोरटा माल बोकाळला.

राहता राहिला कोर्स. सहा महिन्यांत लाख रुपये? आमच्याकडे नवीन घेताना सर्टिफिकेट कुणी उघडून बघत नाही. पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने बघतात: तू स्वतः काय केलंस, किती पूर्ण केलंस. आणि सुरुवातीचा पगार त्या जाहिरातीतल्या आकड्याच्या आसपासही नसतो. हत्यारं तर फुकट आहेत. गेम बनवायचं 'गोडो' फुकट, थ्रीडी मॉडेलं बनवायचं 'ब्लेंडर' फुकट, दोन्ही भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालतात. गेम तयार झालाच तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात लावायला १०० डॉलर पडतात, आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा ते ठेवतात. एवढाच खर्च. क्लास सगळेच फसवे असतात असं नाही, शिस्त लावणारा मास्तर लागतोच काहींना. म्हणून ताईला म्हटलं, भरायचीच असेल फी तर आधी तीन गोष्टी विचार: गेल्या बॅचमधले किती जण आज नोकरीला आहेत आणि त्यातल्या दोघांशी बोलता येईल का, शिकवणाऱ्याने स्वतः कुठला गेम पूर्ण केलाय, आणि मध्येच सोडलं तर पैसे परत किती.

तिने विचारलं. पहिल्याला "डेटा कॉन्फिडेन्शियल आहे", दुसऱ्याला "सर इंडस्ट्रीतले आहेत". तिसऱ्याचं उत्तर तिला आधीच माहीत होतं, कारण जागा धरायला पाच हजार भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत. आता ती त्या पाच हजारांवर अडून बसलीय. भाच्याने मात्र शनिवारी रात्री गोडो उतरवून घेतला. साडेअकराला त्याचा फोन: "मामा, माझा चेंडू जमिनीतून खाली पडतोय, थांबतच नाही." जमिनीला कोलिजन, म्हणजे वस्तू अडवणारी सोय, लावायला विसरला होता.