चूक तिची नाही!

परवा आईचा एक अर्ज ऑनलाइन भरायला बसले. फोटो म्हणे ५० केबीच्या आत हवा. अहो, मोबाइलवर काढलेला साधा फोटो दोन-तीन एमबीचा असतो! तो लहान करणं साइटला क्षणाचं काम, पण तो ताप बहात्तर वर्षांच्या बाईनं डोक्याला लावून घ्यायचा. ओटीपी येईस्तोवर, ती चष्मा शोधून आकडे वाचेस्तोवर 'सेशन एक्स्पायर्ड'. भरलेलं सगळं पुसलं गेलं. तीनदा! तिसऱ्यांदा ती हळूच म्हणाली, "राहू दे गं, माझंच काहीतरी चुकत असेल."

तिथे माझं डोकं फिरलं. तिचं काहीही चुकलेलं नाही! ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागानं २०१२ मध्ये आपली तत्त्वं जाहीर केली, त्यातलं पहिलंच हे: सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा, सरकारच्या नव्हे. साइट बनवणाऱ्यांनी एकदा तरी आईसारख्या कुणाच्या शेजारी बसावं आणि मध्ये न बोलता नुसतं बघावं, बोट कुठे अडतं ते.

शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं शंभर रुपये घेऊन अर्ज भरून दिला. त्याच्याकडे आमच्यासारखे आणखी सहाजण हातात कागद घेऊन उभे होते.