हातचा एक

माझ्या गेमचा नायक काल रात्री पहिल्यांदा न लंगडता चालला. त्याला दोन महिने लागले. माझ्या मुलाला पहिलं पाऊल टाकायला तेरा महिने लागले होते, त्या मानाने हे लवकरच म्हणायचं.

या सगळ्याच्या मुळाशी माझा भाऊ आहे. लहानपणी तो कंट्रोलर कधी हातात देत नसे. "मी मेलो की तुझा नंबर," म्हणायचा. गेममध्ये मेलो की, असा त्याचा अर्थ. पण तो खेळायचा चांगला, त्यामुळे मरायचं नावच नाही. तो सल मी इतकी वर्षं जपला आणि यंदा ठरवलं, की आता आपण खेळायचंच नाही, थेट गेमच करायचा. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअरच लिहिते. तेव्हा १९८३ साली जपानमध्ये आलेल्या आणि १९८५ साली एनईएस हे नाव घेऊन अमेरिकेत गेलेल्या निन्टेंडोच्या त्या व्हिडिओ गेमच्या खोक्यासाठी गेम करणं म्हणजे डाव्या हातचा मळ! वहीत आराखडाही तयार झाला: वीस लेव्हल, एक फितूर प्रधान, आणि भविष्य सांगणारा पोपट.

मग कळलं, की या यंत्राची कामाची मेमरी दोन किलोबाइट आहे. २,०४८ बाइट, बस. देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रा वेगळ्या धरून, हल्लीच्या पद्धतीने साठवायचं तर तीन बाइट लागतात. म्हणजे हा लेख तिथे लिहायला घेतला असता, तर इथवर पोचायच्या आतच जागा संपली असती. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मान्य, पण इथे अंथरूण म्हणून हातरुमाल दिलेला. पोपट त्याच दिवशी उडाला.

गेम स्वतः कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खोक्यात खोचायच्या डबीत राहतो, तिथे जागा जरा बरी असते. पण 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. त्यातले ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत, फक्त रंग बदललाय. हे वाचून मला केवढा धीर आला! माझ्या गेममध्ये ढग, दगड आणि शत्रू हे तिघंही एकच आहेत. प्रधानसुद्धा.

आता चालण्याचं. यातला प्रोसेसर ६५०२ नावाच्या जुन्या चिपच्या घराण्यातला. त्याला बेरीज येते, वजाबाकी येते, गुणाकार-भागाकार येत नाहीत. बेरीजही तो दुसरीतल्या मुलासारखी, हातचा धरून करतो. फरक इतकाच, की मागच्या गणिताचा हातचा तो पुढच्या गणितात बिनदिक्कत मिसळतो. म्हणून बेरजेआधी हातचा पुसून टाकायचा, आणि वजाबाकीआधी उलट तो मांडून ठेवायचा. हे मला माहीत नव्हतं. परिणामी माझा नायक उजवीकडे कधी एक पिक्सेल सरकायचा, कधी दोन. डावीकडेही तेच. एखाद्याची चप्पल तुटल्यासारखी चाल. मी चार रात्री त्याच्या पायांची चित्रं बदलत बसले. पाय निर्दोष होते. घोडं पेंड खात होतं ते हातच्यापाशी. इंजिनिअर झालेल्या बाईला हातचा विसरल्याबद्दल कुणी शिक्षा केली नाही, पण केली असती तर बरं वाटलं असतं.

हॅशचं प्रकरण तर याहून लाजिरवाणं. असेम्ब्लीमध्ये, म्हणजे प्रोसेसरशी बोलायच्या भाषेत, आकड्याआधी # हे चिन्ह लावलं, तर तो आकडा. नाही लावलं, तर मेमरीतल्या त्या क्रमांकाच्या कप्प्यात जे असेल ते. मला म्हणायचं होतं, "ऐंशीवर उभा राहा." मी हॅश विसरले. त्यामुळे नायकाने ऐकलं, "ऐंशी नंबरच्या घरी जा, आणि कुठे उभं राहायचं ते तिथे विचार." त्या घरात कुणीच राहत नव्हतं. एम्युलेटरने, म्हणजे संगणकावर त्या खोक्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, तिथे शून्य भरून ठेवलेलं, म्हणून बिचारा दर वेळी डाव्या कडेला भिंतीला चिकटून उभा. मी त्याला तीन दिवस हट्टी म्हटलं.

चित्र बदलायलाही मुहूर्त लागतो. यंत्र सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवतं. दोन रंगवण्यांच्या मध्ये ते श्वास घेतं, तेवढ्यात आपण आपलं सामान हलवायचं. हा श्वास सेकंदाच्या साधारण आठशेव्या भागाइतका. चुकून रंगवण्याच्या मध्येच हात घातला, की पडद्यावर भूकंप.

एम्युलेटरवर सगळं जमल्यावर मी गेम कार्ट्रिजमध्ये भरून खऱ्या कन्सोलवर लावला. नायक पडद्याच्या मधोमध! बंद करून पुन्हा चालू केला, तर वरच्या कोपऱ्यात. एका कप्प्यात सुरुवातीची किंमत भरायची राहिली होती. एम्युलेटरने मुकाट्याने शून्य धरून मला सांभाळून घेतलं होतं. खऱ्या यंत्रात वीज आल्यावर कप्प्यांत काय सापडेल त्याचा भरवसा नाही. त्या लाड करणाऱ्या एम्युलेटरचा मला तेव्हा राग आला. त्याच्या सेटिंगमध्ये 'मेमरीत सुरुवातीला वाट्टेल ते भरा' असा पर्याय होता, पण ते असो.

तर काल सगळं जुळलं. नायक चालला, चार शत्रू आले. मी मुलाला हाक मारली. त्याने कंट्रोलर घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "आई, हे चौघं एका ओळीत आले की तुझा हिरो गायब होतो."

खरंच होत होता. एका आडव्या रेषेवर हे यंत्र आठच स्प्राइट, म्हणजे हलत्या चित्रांचे छोटे तुकडे, दाखवतं. माझं प्रत्येक पात्र दोन स्प्राइट रुंद, म्हणजे चार शत्रूंत आठ जागा भरल्या. यादीत जो मागे, तो कटाप. आणि मी यजमानाच्या विनयाने नायकाला यादीत सगळ्यात शेवटी ठेवलेलं.

"बग आहे तो," मी म्हटलं.

"बग कसला? मस्त आहे. संकट आलं की अदृश्य. हेच ठेव."

मग तो खेळतच राहिला. शत्रूंच्या अंगावर चालून गेला, त्यांच्यातून आरपार गेला, पुन्हा आला. अर्ध्या तासाने मी हात पुढे केला. "आता मला दे."

"मेलो की देतो," तो म्हणाला.

मरण्याचा कोड मी अजून लिहिलेला नाही.