छताच्या काचेला आतून काळं प्लास्टिक चिकटवताय? आधी हे वाचा

उन्हाळा आला की हा मेसेज फिरायला लागतो, "बेडरूमच्या छताला काच असेल तर आतून काळं प्लास्टिक नाहीतर फॉइल चिकटवा, 50 रुपयांत खोली एसीसारखी गार, काचेला काही होत नाही, पत्र्याचं घर असेल तर वर चढून 5 मिनिटांत काम होतं." कृपा करून असं काही करू नका.

खोली गार होते म्हणे. अंधार होतो, गार नाही होत. ऊन काचेतून आत आलं की काळं प्लास्टिक ते शोषून घेतं, तापतं आणि सगळी धग खाली खोलीतच सोडतं. मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो हाच, म्हणून भिंतीतल्या खिडकीपेक्षा छताची काच जास्त छळते. फॉइल त्यातल्या त्यात बरं, चकचकीत बाजू वर केली तर बरंचसं ऊन परत जातं, एवढं मान्य.

पण "काचेला काही होत नाही" हे साफ चूक. आतून काही चिकटवलं की काच मधोमध जास्त तापते, फ्रेममधे दबलेल्या कडा मात्र तेवढ्या तापत नाहीत आणि या फरकाने साधी काच तडकू शकते, आणि खाली तुमचं पोरगं झोपलेलं असतं हो! लॅमिनेटेड, म्हणजे मधे फिल्म घालून जोडलेली काच असेल तर तुकडे त्या फिल्मला धरून राहतात, साध्या काचेचे सुरे खाली येतात. काहीजण थर्माकोल लावतात, तो दिव्याजवळ तर अजिबात नको, पेटला की जळते थेंब गळतात.

आणि पत्र्यावर चढणं? सिमेंटचा पत्रा, उजेडासाठी टाकलेला फायबर, दोन्ही माणसाचं वजन पेलत नाहीत, त्यात जुना फायबर धुळीने बाकी पत्र्यासारखाच दिसतो, पाय सरळ आरपार.

स्वस्तात करायचंय तर ऊन बाहेरच अडवा. नर्सरीचं सामान मिळतं तिथे 75 किंवा 90 टक्के ऊन अडवणारी जाळी, म्हणजे शेडनेट, मीटरवर मिळते, काचेपासून वीतभर वर ताणून बांधा, मधून वारा खेळला पाहिजे. गच्चीवरून हात पोचत असेल तर काचेला बाहेरून चुन्याचा हात मारला तरी चालतं, पावसात धुऊन जातो. पत्र्याच्या घरात वर न जाता आतून पांढरा जाड कपडा तारेवर सरकता लावा, काचेला चिकटवू नका. आणि नेट जूनचा वारा सुटायच्या आत उतरवून ठेवा.