दोन-दोन ‘आणि’ कशाला?

परभणीत रात्रीचे 11, अंगाची लाही लाही, अन् मी ‘आणि’ लिहितोय. नुसतं ‘आणि’! कॉक म्हणजे गणिती सिद्धता तपासणारी संगणक-प्रणाली (2025 पासून तिला रॉक म्हणतात). तिच्यात ‘आणि’ दोन. बूलसाठी (खरं-खोटं या किमती) वेगळं, प्रॉपसाठी (सिद्ध करायची विधानं) वेगळं. ‘किंवा’ दोन. ‘नाही’ दोन. बरोबरचं चिन्हसुद्धा दोन! दोन्हीकडं एकच गोष्ट लिहिलेली ढळढळीत दिसतेय, तरी आधी बूलच्या किमतीचं प्रॉपच्या विधानात रूपांतर करणारं प्रमेय शोधा, ते लावा, मग पुढं सरका. काहून?

त्याचं कारण मला माहीत आहे. बूल म्हणजे मोजून दोन किमती, त्या संगणक स्वतः काढतो. प्रॉपला पुरावा लागतो, अन् प्रत्येक विधान खरं नाहीतर खोटं, हे तिथं मुळात गृहीतच नाही. सुंदर आहे हे, मला मनापासून आवडतं. पण 3 ओळींच्या सिद्धतेत 10 ओळी नुसती ये-जा? बूल अन् प्रॉपला जोडणारं ‘रिफ्लेक्ट’ त्यासाठीच आहे ना, मग शिकणाऱ्याला ते पहिल्याच आठवड्यात का दाखवत नाहीत?

गल्लीतली बीएस्सीची पोरगी काल इथंच अडली. रडवेली होऊन म्हणाली, “दादा, मला लॉजिकच जमत नाही.” जमतं गं तुला! कागदावर चोख सोडवलं होतंस. अडलीस ती चिन्हांत.