आमच्या गच्चीवरून मिग नको

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. त्या रात्री घरच्या ग्रुपवर आतेभावानं लिहिलं, ‘एक तरी मिग उडतं ठेवायला पाहिजे होतं बे. इंग्लंडवाले दुसऱ्या महायुद्धातलं, ऐंशी वर्षांचं स्पिटफायर उडवतात. गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरावरनं एक चक्कर, अगदी खालनं. विमानतळाजवळची कारखान्याची चिमणी पण पाडलीय, आता अडतंय कुठं?’ पुण्याच्या वहिनींनी लगेच ‘उडती शवपेटी’ म्हणून ते भंगारात घातलं. तीन दिवस जुंपली. नोव्हेंबरात दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून वैमानिक गेला, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

वहिनींचा राग आला, कारण ‘शवपेटी’ हा एक शब्द सोडला तर त्या विमानाचं त्यांना काही ठाऊक नाही. १९६३पासून हवाई दलात असलेलं, त्यातली कितीतरी आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधलेली. अपघात झाले, चिक्कार झाले. पण साठ वर्षं एकाच विमानाला राबवून घ्यायचं आणि जाताना त्यालाच शिव्या घालायच्या, ही कुठली रीत?

आतेभावाचा राग वेगळा. त्यानं मला साक्षीला ओढलं. ‘ह्याला विचारा, ह्याच्या छपरावरनं जातात.’

जातात. इंग्लंडच्या हवाई दलाचा कॉनिंग्जबीचा तळ, जिथनं ही स्पिटफायर उडतात, तिथपासून आमचं घर वीस मिनिटांवर आहे. आजचं लढाऊ जेट टायफून गेलं तर इथलं कुत्रंसुद्धा कान हलवत नाही. पण स्पिटफायरचं मर्लिन इंजिन वेगळं. सत्तावीस लिटरचं, बारा सिलिंडरचं. आधी झुडपांच्या कुंपणापलीकडून घुमल्यासारखी घरघर येते आणि काय होतंय ते कळेपर्यंत ते टोकाकडं गोल होत गेलेले पंख डोक्यावर असतात. उंचावरून जाणारं विमान म्हणजे ठिपका. इतक्या खालून गेलं की आतलं माणूस दिसतं, त्यानं मान वळवलेली दिसते. मी हातातले कपडे बास्केटमध्ये टाकून पळत बाहेर जातो. शेजारचे म्हातारेबुवा गेटपाशी उभे असतात. आम्ही एकमेकांशी बोलतो ते बहुधा तेवढ्यापुरतंच.

ही मजा मला नवी नाही, हे ग्रुपवर मी सांगितलं नाही. लहानपणी गड्ड्यात बाराबंदी घातलेला माणूस कमरेवर नंदीध्वजाची उंच काठी तोलून चालायचा, तेव्हा आम्ही पोरं मुद्दाम जवळ जाऊन माना मोडेपर्यंत वर बघायचो. ध्वज जरा एका अंगाला गेला की पोटात खड्डा पडायचा, सावरला की ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’. पडणार नाही याची खात्री असती तर आम्ही एवढे जवळ गेलोच नसतो.

मी लिहिलं ते भलतंच. लिहिलं की चेन्नईला २०२४च्या ऑक्टोबरात मरीनावर हवाई दलाच्या कसरती बघायला लोटलेल्या गर्दीतले पाच जण उन्हानं नि गर्दीतल्या हालांनी गेले, विमानांचा ओरखडाही कुणाला लागला नव्हता. आधी तेवढं जमू दे. पुढं लिहिलं, ‘आमच्याकडे या गोष्टींचे नियम आहेत.’

आतेभावाचं उत्तर दोन शब्दांचं. ‘आमच्याकडे? कुठं?’

उत्तर दिलं नाही. त्याऐवजी इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या विमान-कसरतींतल्या अपघाताबद्दल वाचत बसलो, आणि नियमांची माझी फुशारकी तिथंच निघाली. २२ ऑगस्ट २०१५. हॉकर हंटर, म्हणजे लोंगेवालात आपल्या हवाई दलानं वापरलं तेच विमान. वर्तुळ घेताना वरच्या टोकाला किमान ३,५०० फूट हवे होते, विमान पोचलं २,७०० फुटांच्या आसपास. वेगही कमी. खाली येताना जमीन आधी आली. ए२७ रस्त्यावरची अकरा माणसं गेली, वैमानिक वाचला. मेलेल्यांपैकी काही जण रस्त्याकडेला विमान बघत उभे होते, पण दोघं फुटबॉल खेळायला निघालेले, एक जण नवरीला आणायला गाडी घेऊन चाललेला. त्यांनी मान वर केली नव्हती, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. दोन दिवसांत जुन्या जेट विमानांना जमिनीवरच्या आकाशात कसरती बंद, फक्त साध्या फेऱ्या. नियम आहेत म्हणतो मी, ते असे, माणसं गेल्यावर आलेले.

साधी फेरीसुद्धा साधी नसते. शंभर फुटांवर ताशी ५५० किलोमीटरनं जाणारं विमान दोन सेकंदांत तीनशे मीटर पुढं गेलेलं असतं. काही बिघडलं तर विचार करायला तेवढंच. २५ मे २०२४ला इथलंच एक स्पिटफायर कॉनिंग्जबीजवळ शेतात कोसळलं, वैमानिक गेला. शेतात. हा शब्द मी तेव्हा सुटकेनं वाचला होता, आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

कारण सोलापूर डोळ्यांसमोर आणलं की शेत दिसत नाही. होटगी रोडचा विमानतळ, भोवती वस्ती, कंबर तलावावरून उठणारे पक्षी, घारी. मिगचं तोंड म्हणजे पुढं उघडं भोक, इंजिन एकच, उतरतानाही वेग ताशी तीनशेच्या वर. आणि चिमणीचं म्हणाल तर सिद्धेश्वर कारखान्याची ती नव्वद मीटरची चिमणी जून २०२३मध्ये पाडली ती गोव्या-मुंबईच्या विमानांसाठी, पराक्रम दाखवायला नव्हे. तिच्यामागं उसाचं गाळप होतं, शेतकरी होते. त्यावर बोलायला मी कोण, मी तेव्हा इथं काउन्सिल टॅक्स भरत होतो.

खरी गोष्ट एवढीच आहे की इथल्या छपरावरून विमान गेलं तर मी टाळ्या वाजवतो आणि तिथल्या छपरावरून जाणार म्हटलं की मला इंजिनांचे प्रकार आठवतात. या घराचं कर्ज फिटायला सतरा वर्षं आहेत. त्या घरावर माझं नावसुद्धा नाही.

रविवारी आईला व्हिडिओवर सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. म्हटलं, तुझ्या गच्चीवरून मिग न्यायचं म्हणतोय तो, अगदी खालून.

‘येऊ दे की,’ ती म्हणाली. ‘उन्हाळ्यात नको म्हणावं पण. वर कुरडया असतात.’