आनंदाचा नंबर हसण्यावरून लागत नाही
तलावपाळीच्या आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपवर परत तेच फिरतंय की फिनलंडची लोकं सगळ्यात जास्त हसतात म्हणून जगातल्या आनंदी देशांच्या यादीत त्यांचा पहिला नंबर. तसं नाहीये हो. २०१८ ते २०२५ सलग ८ वर्षं ते पहिले आले हे खरंय, पण हसणं कोणी मोजत नाही, ० ते १० पायऱ्यांची शिडी डोळ्यासमोर आणा, सगळ्यात वर म्हणजे तुमचं चांगल्यात चांगलं आयुष्य, आत्ता तुम्ही कुठल्या पायरीवर आहात एवढंच विचारतात. पैसा, तब्येत आलंच, पण अडीअडचणीला हक्काचं माणूस आहे का यानेही खूप फरक पडतो. परवा गुडघा धरून बाकावर बसलेल्या काकांना दोघांनी आधार देत रिक्षापर्यंत नेलं ना, मला खरा आनंद त्यातच जास्त दिसला. तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.